विचारायचं कोणी, सांगायचं कोणी?

नाव काय? पूर्ण नाव सांगा. मूळ गाव कोणतं? वडील काय करतात? लग्न झालंय का? घरात नॉनव्हेज बनतं का? मित्र येतात का, आले तर मुक्काम करतात का? नागपुरात किरायाने घर शोधणाऱ्याला ही प्रश्नपत्रिका तोंडपाठ होते. आपल्या मुलामुलींना तर बऱ्याचदा पहिल्या प्रश्नाच्या पुढे जायची वेळच येत नाही. नाव ऐकलं की घर 'कालच गेलेलं' असतं, आणि टू-लेटची पाटी मात्र पुढचे पंधरा दिवस फाटकावर तशीच लटकत असते.

याविषयी आपण पुष्कळ बोललो, लिहिलं. मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नाही हे सच्चर समितीने 2006 सालीच नोंदवून ठेवलं आहे. खासगी घरमालकाने धर्म पाहून घर नाकारलं तर त्याला सरळ जाब विचारता येईल असा कायदा आपल्याकडे आजही नाही. अमेरिकेत तो 1968 पासून आहे. ती लढाई लांबची आहे आणि ती सोडायची नाही. आज मात्र मला, ज्यांना घर मिळतं त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

गेली काही वर्षं भाड्याच्या घराच्या भानगडी घेऊन आमच्याकडे येणारी मुलंमुली मी पाहते आहे. कोणी अकोल्याहून फार्मसीला आलेलं, कोणी यवतमाळहून नर्सिंगला, कोणाला मिहानमध्ये नोकरी लागलेली. मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते: घर घेताना तुम्ही मालकाला काय काय विचारलं? भाडं किती, डिपॉझिट किती, नळ किती वाजता येतो. संपलं. एक मुलगा मला म्हणाला, "आपा, त्यांनी हो म्हटलं हेच खूप होतं. अजून काय विचारणार?"

हे 'हेच खूप' फार महागात पडतं. दहा दारं बंद झाल्यावर अकरावं उघडलं की आपण आत शिरतो ते उपकार झाल्यासारखे, अंग चोरून. करार मागत नाही, पावती मागत नाही, विजेचं बिल पाहत नाही. मालक वाईट असतोच असं नाही. पण ज्याला कोणी काही विचारतच नाही, तो कशाला आपणहून सांगत बसेल?

कायद्याची अपेक्षा मात्र नेमकी हीच आहे की त्याने आपणहून सांगावं. आपल्याकडे घर राहायला देण्याचे दोन मार्ग आहेत. एक भाडेपट्टा, ज्यात भाडेकरूला त्या जागेवर काही एक हक्क मिळतो. दुसरा लिव्ह अँड लायसन्स, ज्यात मालकाची राहण्यापुरती परवानगी असते. शहरात हल्ली जे अकरा महिन्यांचे करार होतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. या दोन्हींचे मूळ कायदे इंग्रजांच्या काळातले आणि एकाच वर्षीचे आहेत, 1882 चे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 108 मध्ये पट्ट्याने जागा देणाऱ्याची सर्वांत पहिली जबाबदारी लिहिली आहे ती अशी: जागा ज्या कामासाठी दिली जाते आहे त्या कामाच्या दृष्टीने तिच्यात एखादा मोठा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊन पाहिलं तरी त्याच्या लक्षात येण्यासारखा नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचं कलम 57 लायसन्सवर जागा देणाऱ्यालाही बांधून ठेवतं. राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. 'मी फक्त लायसन्स दिलंय, बाकी माझा संबंध नाही' असं म्हणून सुटता येत नाही.

आणि भाडेकरूने काय सांगायचं? तेही कलम 108 मध्ये आहे, आणि ते वाचल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं होतं. तो जो हक्क घेतो आहे त्याच्या स्वरूपाविषयी किंवा व्याप्तीविषयी, त्याला माहीत असलेली आणि मालकाला माहीत नसलेली, त्या हक्काची किंमत बरीच वाढवणारी गोष्ट त्याने सांगायची. एवढंच. त्यात आडनाव नाही, कुकरमध्ये काय शिजतं ते नाही. दीडशे वर्षं होत आली तरी आपल्या शहरात प्रश्न उलट्या दिशेने वाहत आहेत.

मोठा दोष म्हणजे काय, याची यादी कायद्यात नाही. ती प्रत्येक शहराने आपल्या अनुभवावरून समजून घ्यायची. नागपूरचा अनुभव ताजा आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं. डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर अशा चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्यांत तळमजल्यावरची माणसं झोपेतून उठून पाण्यात उभी राहिली. माणसं दगावली. त्यानंतर घरं धुतली गेली, पुट्टी मारून रंगवली गेली आणि पुन्हा भाड्याने गेली. दोन वर्षांनी तिथे राहायला येणाऱ्या बाहेरगावच्या मुलीला भिंतीवर पाण्याची रेघ दिसणार नाही. कितीही काळजीपूर्वक पाहिलं तरी दिसणार नाही. मालकाला मात्र ती रेघ कुठवर होती हे इंचात माहीत आहे. माझ्या मते कलम 108 आणि 57 यांचा अर्थ लावायला नागपुरात याहून स्वच्छ उदाहरण नाही. एखादं न्यायालय याच्याशी सहमत होईल की नाही हा पुढचा भाग, पण 'गेल्या पावसांत घरात पाणी शिरलं होतं का?' हा प्रश्न विचारायला कोणाच्याही निकालाची गरज नाही.

'साधारण काळजी' या दोन शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तिथेच भाडेकरूची बाजू कमकुवत होते. जे उघड्या डोळ्यांना दिसतं ते मालकाने सांगायचं नसतं. 2017 मध्ये उत्तर नागपुरात सुगतनगरकडे घराजवळून गेलेल्या उच्चदाब वाहिनीने लहान मुलांचा जीव घेतला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशी घरं त्या पट्ट्यात पुष्कळ आहेत. गॅलरीतून हात लांब केला तर तारेला लागेल, गच्चीवर कपडे वाळत घालायला जावं तर डोक्यावर गुणगुण ऐकू येते. ही तार दिसते. ती तुम्ही पाहिली नाही तर 'सांगितलं नाही' म्हणता येणार नाही. तेव्हा घर पाहायला जाल तर दिवसाउजेडी जा, गच्चीवर चढा, नळ सोडून पाहा, संडासात पाणी ओतून पाहा. वरचा मजला असेल तर मे महिन्यात त्या स्लॅबखाली काय होतं ते शेजाऱ्याला विचारा. आणि कूलर लावू देणार का, त्याचं पाणी कुठून भरायचं, हे आधीच विचारा. नागपुरात किरायदार आणि मालक यांची सर्वांत जास्त भांडणं बहुधा कूलरवरून होत असतील.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी कागदात लपलेल्या असतात. पहिली म्हणजे घर कोणाचं आहे. दाखवायला येणारा, पैसे घेणारा आणि मालक ही तीन वेगळी माणसं असू शकतात. कर पावती कोणाच्या नावे आहे ते पाहा, इंडेक्स टू मागा. दुसरी म्हणजे जमीन कोणत्या ले-आउटमध्ये आहे. '572 आणि 1900 ले-आउट' हे आकडे नागपूरकरांना सांगावे लागत नाहीत. बाहेरून आलेल्यांसाठी सांगते, ही सुधार प्रन्यासच्या नियमितीकरणाच्या फेऱ्यात सापडलेल्या अनधिकृत ले-आउटची गणती. आपल्या बऱ्याच वस्त्या यातच येतात. अशा घरात राहणं गुन्हा नाही. पण नोटीस आलेली असेल तर ती मालकाच्या कपाटात असते आणि बेघर होतो भाडेकरू.

मार्च 2025 च्या हिंसाचारानंतर नागपुरात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. 24 मार्चला महापालिकेने दोन आरोपींच्या घरांवर बुलडोझर नेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण एक घर तोवर पडलं होतं. त्याच्या चार महिने आधीच, 13 नोव्हेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की रस्ता, नदीकाठ, रेल्वेलगतची जागा असे अपवाद सोडले तर पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करायचं नाही. ती नोटीस मालकाला किंवा राहणाऱ्याला पोस्टाने जायला हवी आणि घराच्या दर्शनी भागावर चिकटवलेलीही हवी. 'किंवा राहणाऱ्याला' हे शब्द भाडेकरूंनी अधोरेखित करून ठेवावेत. दारावर नोटीस चिकटली की ती फाडून मालकाला नेऊन देऊ नका. आधी फोटो काढा, तारखेसकट. आणि घर घेण्याआधी शंका असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करून त्या घर क्रमांकावर महापालिकेची काही नोटीस आहे का हे विचारता येतं. उत्तराला तीस दिवस लागतात हे खरं, तोवर घर थांबत नाही हेही खरं. तरी जिथे दोन-तीन वर्षं राहायचं आहे, तिथे राहायला गेल्यावरसुद्धा हा अर्ज करायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट कर्ज. मालकाने घर बँकेकडे तारण ठेवलं असेल आणि हप्ते थकले, तर एक दिवस बँकेची माणसं कुलूप घेऊन दारात उभी राहतात. 2016 मध्ये विशाल कलसारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या संरक्षित भाडेकरूंना बँकेच्या वसुली कायद्यापासून आधार दिला. 2019 मध्ये बजरंग श्यामसुंदर अगरवाल प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदलेला कागद नसताना नुसत्या तोंडी भाडेकरारावर फार काळ टिकून राहता येणार नाही. लायसन्सवर राहणाऱ्याची बाजू याहूनही लेची. म्हणून 'घरावर कर्ज आहे का?' हा प्रश्न उद्धट नाही. मालक तुमच्या बापाचा पगार विचारतो, तेव्हा त्याला तरी कुठे तो उद्धट वाटतो?

मघापासून कागद कागद म्हणते आहे, त्यावर जरा थांबते, कारण आपल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. देशात इतरत्र अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत पडली ती नोंदणी टाळायला. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो, मग अकराच महिने लिहा. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून मोलाची ओळ पुढे आहे: नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याविषयी भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे स्टॅम्प पेपरवर नुसती नोटरी करून 'झालं ॲग्रीमेंट' म्हणणारा मालक प्रत्यक्षात स्वतःचीच बाजू कच्ची करत असतो. त्याला हे समजावून सांगा, नम्रपणे. नोंदणीला तयार नसलेले दोन-चार मालक मी याच एका वाक्यावर तयार झालेले पाहिले आहेत.

खर्चाची ओरड होते ती बहुतांशी अज्ञानातून. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. आठ हजार भाडं, अकरा महिने, वीस हजार परतीचं डिपॉझिट धरलं तर ते सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. बाकी जो खर्च सांगितला जातो तो एजंटाचा. सगळं घरबसल्या, आधारच्या अंगठ्यावर होतं. मालकाची खरी भीती खर्चाची नसतेच, ती आयकराची आणि मालमत्ता कराची असते. ती त्याची अडचण आहे. त्याच्यासाठी आपण आपला पत्ता गमावायचा का?

कारण पत्ता गमावणं म्हणजे काय ते आपल्याइतकं कोणाला कळत नाही. मतदार नोंदणीच्या अर्जासोबत राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो, पासपोर्टलाही चालतो. तोंडी कराराचं काहीच चालत नाही. पाच-सहा वर्षं नागपुरात राहून, इथे कर भरून, इथे नोकरी करून कागदावर कुठेच नसलेली मुलं मी पाहते. कोणत्याही दिवशी कोणीही 'तू इथला कशावरून?' विचारू शकतो अशा काळात आपण राहतो, आणि ज्या कागदाने उत्तर देता येईल तो मागायला आपण लाजतो.

कागदाची दुसरी बाजूही सांगते. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलं आहे की लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानलं जाईल. म्हणून न वाचता सही करणं सर्वांत घातक. चाळीस हजार दिले आणि करारात दहा हजार लिहिले, तर कोर्टात दहाच. 'सर्व फिटिंग उत्तम स्थितीत मिळाल्या', 'जागा जशी आहे तशी पाहून स्वीकारली' ही वाक्यं नमुन्यात छापलेलीच असतात. ती नुसती भरतीची वाटतात, पण दोष सांगण्याची मालकाची जबाबदारी ढिली करण्यासाठी ती असतात, कारण कलम 108 स्वतःच म्हणतं की करारात उलट काही ठरलं नसेल तरच ते लागू होईल. पंखा बंद असेल तर बंद लिहा, भिंतीला ओल असेल तर ओल लिहा. आणि मुदत संपल्यावर न सोडता राहिलात तर दुप्पट दराने भरपाई लागू शकते, हेही त्याच कलमात आहे. हा कायदा काही भाडेकरूंचा मामा नाही.

पावतीचं कलम 26. घेतलेल्या रकमेची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, न देणाऱ्याला दंड आहे. पावती मिळतच नसेल तर निदान रोख देऊ नका. यूपीआयने पाठवा आणि खाली महिन्याचं नाव लिहा. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणणं हा कलम 29 प्रमाणे गुन्हा आहे. सब-मीटरवर युनिटला मनाला येईल तो दर लावला जातो, तेव्हा मूळ बिल दाखवा म्हणा. मागची थकबाकी आहे की नाही तेही त्यातच कळेल. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, तेही पोलीस आयुक्तांच्या आदेशाप्रमाणे मालकाचंच काम. आपल्या मुलांना त्या फॉर्मची धास्ती वाटते, ती मला समजते. पण त्याची पोच तुमच्याकडे असणं हे नसण्यापेक्षा केव्हाही बरं.

आता थोडं आपल्या घरातलं. मोमिनपुरा, हसनबाग, ताजबाग, टेका, जाफरनगर इथे घर देणारेही आपलेच आहेत. बाहेर घर मिळत नाही म्हणून मुलं इथे येतात, मागणी वाढते, भाडं वाढतं. आणि करार मागितला की ऐकायला मिळतं, 'अपनों में लिखा-पढ़ी कैसी?' सूरह बकराची 282 वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि ती आहे देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदारांसह. बाजारात धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून पैगंबरांनी आतलं ओलं धान्य बाहेर काढल्याचा आणि विकणाऱ्याला खडसावल्याचा प्रसंग लहानपणी मकतबमध्ये आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. जुम्म्याला तो ऐकून घरी आल्यावर डिस्टेंपरच्या खालची ओल भाडेकरूला न सांगणारे मालक आपल्या गल्लीत आहेत. बाहेरच्या घरमालकाच्या पूर्वग्रहाबद्दल आपण जेवढ्या त्वेषाने बोलतो, त्याच्या निम्म्याने तरी यावर मशिदीच्या कमिटीत बोललं जावं.

या शहराची एक जुनी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 1999 चा कायदा येण्याआधी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश चालत होता. त्यात घर रिकामं होणार असं कळल्यापासून सात दिवसांत मालकाने ते जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, असा नियम होता. जिल्हाधिकारी पंधरा दिवसांत ते घर सरकारी नोकराला किंवा फाळणीत विस्थापित झालेल्या माणसाला द्यायला सांगू शकत होता. जुनी माणसं त्याला 'अलॉटमेंट' म्हणत. घर पाहिजे तेवढी अडवणूक त्यातही झाली, वशिलेबाजी झाली, कज्जे पिढ्यान्पिढ्या चालले. ती पद्धत परत यावी असं मी म्हणणार नाही. पण ज्या नागपुरात एकेकाळी आपलं घर रिकामं आहे हे मालकाला सरकारला सांगावं लागे, तिथे आज त्याने भाडेकरूला निदान घराची हकीकत सांगावी, एवढी मागणी जास्त नाही.

जगात हे होतं. अमेरिकेत 1978 पूर्वी बांधलेलं घर भाड्याने देताना जुन्या रंगात शिसं असल्याची माहिती असेल तर ती लेखी द्यावी लागते. इंग्लंडमध्ये गॅसच्या जोडणीच्या तपासणीचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. आपल्याकडे फ्लॅट विकत घेणाऱ्याला महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे नकाशे, मंजुऱ्या, कोर्टातली प्रकरणं दिसतात. भाड्याने घेणाऱ्यासाठी असं काहीच नाही, जणू पैसे त्याचे खरे नसतात. केंद्राने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित करण्याची तरतूद आहे. पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो.

त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपण एक लहान मागणी लावून धरावी असं मला वाटतं. लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी करताना राज्य सरकारचा फॉर्म दोन्ही बाजूंची ओळख, पत्ता, रकमा सगळं विचारतो. त्यात मालकाने भरायचं आणखी एक पान जोडावं. घर कोणाच्या नावावर आहे, घरावर कर्ज आहे का, महापालिका किंवा प्रन्यासची नोटीस आहे का, वीज-पाण्याची थकबाकी आहे का, गेल्या पाच वर्षांत घरात पुराचं किंवा नाल्याचं पाणी शिरलं होतं का, इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर तिची तपासणी झाली आहे का. नवा कायदा करायला नको, 1882 पासून जी जबाबदारी आहे तिला एक रकाना हवा. ही मागणी मुस्लिमांची म्हणून मांडायचं कारण नाही. गडचिरोलीहून आलेल्या आदिवासी मुलीला, बिहारहून आलेल्या मजुराला, एकट्या राहणाऱ्या बाईला ती तेवढीच लागते, आणि त्यांना सोबत घेऊनच ती मुद्रांक विभागाकडे नेता येईल.

तोवर अडलं तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेत. डिपॉझिट अडकवून ठेवलेल्यांनी तिथे जायला संकोचू नये.

आणि घर पसंत पडलं, टोकनचे पैसे पाठवायची वेळ आली, की त्याआधी मालकाला एक व्हॉट्सॲप पाठवा. हा मजकूर मी आमच्याकडे येणाऱ्यांना देते, तुम्हीही वापरा:

"नमस्कार काका, घर आवडलं. टोकन पाठवण्याआधी चार गोष्टी कळवाल का? घर आपल्याच नावावर आहे ना आणि त्यावर बँकेचं कर्ज आहे का? महापालिका किंवा सुधार प्रन्यासची काही नोटीस आहे का? 2023 च्या पावसात किंवा नंतर घरात पाणी आलं होतं का? वीज-पाण्याचं शेवटचं बिल पाठवता का? करार ऑनलाइन नोंदवून घेऊ, निम्मा खर्च मी देईन."